शहाण्यानेही चढावी अशी एक पायरी



मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाचे वाचन चालू असताना एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले. "हे कोर्टकचेरी आणि वकील फी म्हणून एवढी रक्कम कशापायी? आपण कर भरतो ना? मग कर नाही त्याला डर कशाला?" असा त्यांचा रोखठोक सवाल. मंडपात हशा पिकला. व्यासपीठावरून उत्तर दिले गेले, पण जेवणाची पंगत बसायची वेळ झाली होती, त्यामुळे ते कुणाच्या कानावर नीट पडले नाही. मीही मागच्या रांगेत होतो. त्या दिवसापासून तो सवाल माझ्या डोक्यात घोळतो आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

म्हण आपली खरी आहे. तिच्यातला 'कर' म्हणजे करणी. ज्याने काही वाकडे केले नाही त्याने भिऊ नये, एवढाच तिचा अर्थ. पण सरकारी कराच्या मामल्यात ज्याने काही केले नाही त्यालाही कधी कधी चांगलीच डर असते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्यात दुसरीही एक म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भावकीतल्या बांधाच्या भांडणाला ती सोन्यासारखी लागू पडते. पण सरकारच्या कचेरीने तुम्हाला करचोर ठरवले आणि ऐकून घ्यायला कोणी तयार नसले, तर शहाण्याने काय करावे? माझे मत असे, की ती एक पायरी शहाण्यानेही चढावी. मात्र ती कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे नीट समजून चढावी. मी वकील नाही, हिशेबनीस नाही. चार एकर उसाचा धनी आहे. वाचून, विचारून, जाणकारांकडून खात्री करून घेऊन जे समजले ते सांगतो.

आमच्या पेठेतली गोष्ट

तीन-चार वर्षांपूर्वी आडसाली लागणीच्या तोंडावर मी ठिबकसाठी तालुक्याच्या पेठेतल्या एका दुकानदाराला चाळीस हजार रुपये आगाऊ दिले. माझ्यासारख्या आणखी पाच-सहा जणांनी दिले होते. माणूस सरळ, वीस वर्षांचा व्यवहार. आठ दिवसांत नळ्या येणार होत्या. आठाचे पंधरा झाले, तरी पत्ता नाही. दुकानात गेलो तर बिचारा डोक्याला हात लावून बसलेला. त्याचे बँकेतले खाते कर खात्याने गोठवले होते. कारण काय, तर त्याने ज्या पुरवठादाराकडून माल घेतला होता, त्या पुरवठादाराने खोटी बिले फाडल्याचे उघडकीस आले होते आणि तो गायब झाला होता. खरा माल घेणारा आणि नुसता कागद घेणारा असे दोघेही एकाच यादीत आले. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

आमच्या दुकानदाराजवळ बिले होती, गाडीभाड्याच्या पावत्या होत्या, पैसे बँकेतूनच दिले होते. त्याने लेखी हरकत घेतली. सुनावणी नाही, उत्तर नाही. खाते बंद, त्यामुळे कंपनीला पैसे देता येईनात, कामगारांचे पगार थकले. माझी लागण त्या वर्षी पाटपाण्यावरच झाली. सांगायचा मुद्दा असा, की एका कचेरीतल्या एका कागदाने एक दुकान बंद पडले आणि सहा शेतकऱ्यांचा हंगाम चुकला. त्या कागदावर कारण म्हणून दीड ओळ होती.

शेवटी पुतण्याच्या आग्रहाने तो उच्च न्यायालयात गेला. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

चूक, मतभेद आणि लबाडी

कर कमी भरला जातो तो तीन कारणांनी. एक, चुकून. आकडा चुकला, मुदत हुकली, कारकून विसरला. दुसरे, मतभेदाने. कायद्याचा अर्थ आपण एक लावला, खात्याने दुसरा लावला. तिसरे, लबाडीने. खोटी बिले, दुहेरी वह्या, माल एक आणि कागद दुसरा. पहिल्या दोहोंत पैसे भरावे लागतात, व्याज लागते, थोडाफार दंडही होतो. तिसऱ्यात मात्र सगळेच बदलते.

साखरेवर पूर्वी उत्पादन शुल्क होते, ज्याला आपण एक्साईज म्हणत होतो. ३० जून २०१७ पर्यंत ते चालले आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्या एक्साईजच्या कायद्यात १९८० साली एक कलम अमलात आले. शुल्क कमी भरले गेले असेल तर खात्याने सहा महिन्यांच्या आत नोटीस द्यावी. परंतु लबाडी, संगनमत, जाणूनबुजून खोटे सांगणे किंवा शुल्क बुडवण्याच्या इराद्याने माहिती दडवणे असे काही असेल तर पाच वर्षे मागे जाता येईल. सहा महिने कुठे आणि पाच वर्षे कुठे! साहजिकच मुदत हुकली की नोटिशीत 'माहिती दडवली' हे शब्द घालायचा मोह होऊ लागला. जुनी थकलेली मागणी त्या एका शब्दाने ताजी होते.

सर्वोच्च न्यायालयाने याला आळा घातला. १९८९ सालच्या केमफार ड्रग्जच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की नुसते काही केले नाही किंवा राहून गेले एवढ्याने पाच वर्षांची मुदत मिळत नाही. जाणीवपूर्वक, हेतुपुरस्सर काही केलेले दिसले पाहिजे. खात्याला व्यवहार माहीत असताना तर 'दडवले' म्हणताच येत नाही. पुढेही अनेक निकालांत हाच धागा कायम राहिला.

जीएसटीतही हीच विभागणी आली. साधी चूक असेल तर तीन वर्षांच्या आत आदेश आणि कराच्या दहा टक्के किंवा दहा हजार, यांतले जे जास्त असेल तेवढा दंड. लबाडी असेल तर पाच वर्षे आणि कराएवढाच दंड. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून नोटिशीची मुदत दोन्हींसाठी सारखीच, म्हणजे वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून बेचाळीस महिने, अशी केली आहे. मुदत वाढवून घेण्यासाठी लबाडीचा शिक्का मारण्याची गरज त्यामुळे उरली नाही, ही चांगली गोष्ट झाली. पण दंडातला फरक कायम आहे. आणि गावात, बँकेत, बाजारात 'करचोर' या शब्दाची जी किंमत मोजावी लागते ती तर कुठल्याच कलमात लिहिलेली नसते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे. लबाडीचा आरोप हा साध्या मागणीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. तो करणाऱ्यावर पुराव्याचे ओझेही तसेच जड पाहिजे.

कोर्ट ऊस पुन्हा वजन करीत नाही

आता उच्च न्यायालय काय करते? घटनेच्या २२६ व्या कलमाखाली आपण रिट अर्ज करतो. पुष्कळांना वाटते, की न्यायाधीश सगळी बिले पुन्हा तपासतील आणि कर किती ते सांगतील. तसे नाही. ते अपिलाचे काम. आकारणी अधिकाऱ्याच्या वर अपील अधिकारी, त्याच्या वर न्यायाधिकरण, अशी ती वेगळी वाट आहे.

आपल्याला समजेल असा दाखला देतो. आपण गाडी घेऊन वजनकाट्यावर जातो. वजनाबद्दल तक्रार झाली आणि काटा तपासणारा अधिकारी आला, तर तो तुमचा ऊस पुन्हा वजन करीत बसत नाही. तो बघतो, रिकाम्या काट्यावर शून्य दिसते का? प्रमाणित वजने ठेवली तर बरोबर उतरते का? शिक्का मुदतीतला आहे का? वजन गाडीवाल्याला दिसेल असे केले का? पावती दिली का? काटा बरोबर असेल तर आलेले वजन मान्य करावे लागते, मग ते आपल्या मनासारखे असो वा नसो. काटाच वाकडा असेल तर ते वजन रद्द आणि पुन्हा नीट करा, असा हुकूम.

रिट अर्जात न्यायालय हेच करते. अधिकाऱ्याला हा अधिकार होता का? त्याने नोटीस दिली का? समोरच्याचे ऐकले का? त्याच्यासमोर काही ठोस होते की नुसता संशय? आदेशात कारणे लिहिली का? मनात आकस धरून तर केले नाही ना? वजन पुन्हा करायचे काम त्याच अधिकाऱ्याकडे किंवा त्याच्या वरच्याकडे परत जाते. इंग्रजी शिकलेली मंडळी याला न्यायिक पुनर्विलोकन म्हणतात. आपण काट्याची तपासणी म्हणू या.

या तपासणीचे काही निकाल सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कलकत्ता डिस्काउंट कंपनीचा निकाल १९६१ सालच्या निकालपत्रांत छापून आला. आकारणी झालेली जुनी वर्षे आयकर खात्याने पुन्हा उघडली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, करदात्याचे काम मूळ वस्तुस्थिती खरीखरी मांडण्याचे. तिच्यावरून निष्कर्ष काय काढायचा ते अधिकाऱ्याने बघावे. त्याने तेव्हा निष्कर्ष काढला नाही म्हणून करदात्याने लपवले असे होत नाही. आणि अधिकार नसताना कोणी असा त्रास देऊ लागला तर उच्च न्यायालय सुरुवातीलाच थांबवू शकते.

लखमणी मेवाल दासच्या १९७६ सालच्या निकालात आणखी स्पष्ट झाले. 'तसे मानण्यास कारण' आणि 'संशय' यांत फरक आहे. हाताशी असलेली माहिती आणि त्यावरून झालेली समजूत यांच्यात जिवंत धागा असला पाहिजे. दूरच्या कुणीतरी काहीतरी कबूल केले म्हणून जवळच्याला धरायचे, हे चालणार नाही.

दंडाबद्दल हिंदुस्थान स्टीलचा १९६९ चा निकाल आहे. त्या कंपनीने ओरिसात विक्रीकराची नोंदणी केली नव्हती, म्हणून दंड झाला होता. न्यायालयाने सांगितले, दंड करण्याचा अधिकार आहे म्हणून दंड केलाच पाहिजे असे नाही. कायदा जाणूनबुजून मोडला, अप्रामाणिकपणा केला, कर्तव्याकडे डोळे उघडे ठेवून काणाडोळा केला, तर दंड. प्रामाणिक समजुतीने चूक झाली तर नाही.

आणि अगदी अलीकडचा, आमच्या पेठेतल्या दुकानदारासारखाच मामला म्हणजे राधाकृष्ण इंडस्ट्रीज विरुद्ध हिमाचल प्रदेश, २० एप्रिल २०२१. तिथेही पुरवठादाराच्या खोट्या क्रेडिटचे प्रकरण होते आणि घेणाऱ्याची येणी तात्पुरती जप्त केली होती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांनी ती जप्ती रद्द केली. हा अधिकार अत्यंत जालीम आहे, म्हणून त्याच्या अटी काटेकोर पाळल्या पाहिजेत, असे त्यांनी बजावले. जप्तीशिवाय सरकारी महसूल वाचणारच नाही असे दाखवणारी ठोस सामग्री पाहिजे. हरकत घेतली तर सुनावणी दिलीच पाहिजे आणि कारणांसह आदेश काढला पाहिजे. शिवाय कायद्याप्रमाणे अशी तात्पुरती जप्ती एका वर्षाने आपोआप संपते.

उसाच्या दराची लांबलेली कहाणी

आता आपल्या घरचा विषय. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनी उसाला जो दर दिला, त्यावरून आयकर खात्याशी किती वर्षे भांडण चालले हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. केंद्राचा किमान वैधानिक दर एक असायचा. त्यापुढे १९७४ पासून ऊस नियंत्रण आदेशाच्या ५-अ कलमाखाली जादा दर यायचा, आणि आपल्या राज्यात शासनाच्या मान्यतेने अंतिम दर ठरायचा. खाते म्हणाले, किमान दरापेक्षा जे जास्त दिले तो खर्च नव्हेच. तो सभासदांना वाटलेला नफा आहे, त्यावर कर भरा. कारखाने म्हणाले, अहो, हा कच्च्या मालाचा दर आहे, ऊस घेतला त्याचे पैसे आहेत.

यात चोरी कुठे होती? दर जाहीर होत होता, वर्तमानपत्रांत छापला जात होता, लेखापरीक्षकाच्या अहवालात होता, शासनाला माहीत होता. होता तो मतभेद. रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्सच्या २०१० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट सर्वांसाठी सांगितली. विवरणपत्रात सगळी माहिती खरी दिली असेल आणि केलेला दावा फक्त कायद्यात बसला नाही, तर तेवढ्यावरून चुकीची माहिती दिल्याचा दंड लावता येत नाही.

दराचा प्रश्न मात्र सुटायला फार काळ गेला. सातपुडा तापी परिसर कारखान्याच्या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने विषय पुन्हा खालच्या अपील अधिकाऱ्याकडे तपासायला पाठवला. त्याआधी, २००९ मध्येच किमान दराच्या जागी एफआरपी आली होती आणि ५-अ कलम गेले होते. पण मागच्या वर्षांच्या मागण्या उभ्याच. मग ५ मार्च २०१९ ला तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले, जादा दराची सगळीच्या सगळी रक्कम नफावाटप धरता येणार नाही. त्यात नफ्याचा अंश जेवढा असेल तेवढाच बाजूला काढा, आणि तो किती हे आकारणी अधिकाऱ्याने हिशेब बघून ठरवावे. बघा, म्हणजे इथेही न्यायालयाने ऊस पुन्हा वजन केला नाही. काटा कसा धरायचा ते सांगितले आणि गाडी परत पाठवली.

शेवटचा दिलासा आला तो संसदेतून. २०१५ च्या वित्त कायद्याने शासनाने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची ऊसखरेदी हा खर्च म्हणून मान्य केला, तो २०१६-१७ या आकारणी वर्षापासून. राज्य शासनाने कायद्याने किंवा आदेशाने ठरवलेला दरही त्यात धरायचा, हा खुलासा ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने झाला. आणि त्याआधीच्या वर्षांसाठीही तीच सवलत २०२३ च्या अर्थसंकल्पाने दिली. तेव्हा अर्थमंत्र्यांनी या सवलतीचा अंदाज सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा सांगितला होता. एवढ्या मोठ्या रकमेचे ओझे सहकाराच्या डोक्यावर वर्षानुवर्षे टांगलेले होते. त्यावर वकील नेमले नसते, प्रकरण जिवंत ठेवले नसते, तर सवलत येईपर्यंत कित्येक ठिकाणी मागण्या पक्क्या होऊन वसुलीच झाली असती. त्या ज्येष्ठ सभासदांच्या सवालाला माझे हे एक उत्तर.

बगॅसचेही तेच. बगॅस विकली म्हणून एक्साईज खात्याने रकमा मागितल्या होत्या. २०१५ मध्ये डीएससीएल शुगरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बगॅस हा ऊस गाळताना उरणारा टाकाऊ भाग आहे, ते कारखान्याने निर्माण केलेले उत्पादन नव्हे. शेतकऱ्याच्या पोराला जे कळते ते ठरायला दिल्लीपर्यंत जावे लागले!

पण नाण्याला दुसरी बाजू आहे

एवढे वाचून कुणाला वाटेल, हा लेखक करबुडव्यांचा कैवारी दिसतो. तसे मुळीच नाही. खोटी बिले फाडणारे टोळके खरोखर आहे. माल नाही, गोदाम नाही, कुणाच्या तरी आधारकार्डावर नोंदणी काढायची, लाखोंची बिले फाडायची आणि पसार व्हायचे. ते जो पैसा खातात तो तुमच्या-आमच्या रस्त्याचा, बंधाऱ्याचा आणि शाळेचा आहे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मोकळे आहे म्हणून काळा पैसा 'शेतीचा' म्हणून दाखवणारे शहरी शेतकरीही आहेत. त्यांच्यामुळे उद्या खऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवले जाते. अशांना खात्याने धरलेच पाहिजे.

आणि न्यायालयही त्यांना पाठीशी घालत नाही. १९७३ च्या पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की झडतीत काही बेकायदा झाले असले तरी तेवढ्यावरून सापडलेला पुरावा फेकून देता येणार नाही. १९८५ च्या मॅकडॉवेल निकालात कर चुकवण्यासाठी रचलेल्या बनावांवर कडक ताशेरे आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात कमर्शियल स्टीलच्या प्रकरणात न्यायालयाने बजावले, की अपिलाची वाट उपलब्ध असताना सरळ उच्च न्यायालयाकडे धाव घ्यायची नाही. सुनावणीच दिली नाही, अधिकारच नव्हता, मूलभूत हक्कावर घाला आला किंवा कायद्यालाच आव्हान आहे, अशा मोजक्या कारणांनीच ते दार उघडते.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो रिट करून वेळ काढतो, आणि ज्याच्याकडे नाही तो कागद हातात घेऊन कचेरीच्या व्हरांड्यात उभा राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशीच. पण यावर इलाज म्हणजे कोर्टाचे दार बंद करणे नव्हे. ते दार कमी वेळा ठोठवावे लागेल असा कारभार कचेरीत होणे, हा खरा इलाज आहे.

मग करायचे काय?

कर खात्याकडे माझे तीनच मागणे आहे. आरोप लबाडीचा असेल तर नोटिशीत तसे स्पष्ट लिहा आणि कशावरून ते सोबत द्या. ऐकून घेतल्याशिवाय कुणाची रोजीरोटी गोठवू नका, आणि तातडीने गोठवावीच लागली तर पंधरा दिवसांत सुनावणी घ्या. आणि एखादा आदेश पुराव्याशिवाय काढला म्हणून न्यायालयात वारंवार उडत असेल, तर तो काढणाऱ्याला निदान विचारणा तरी होऊ द्या. आज करदाता चुकला तर व्याज आणि दंड, खाते चुकले तर फक्त आदेश रद्द. हा काटा समतोल नाही.

आपल्या संचालक मंडळाकडेही एक मागणे आहे, आणि ते रागाने नाही, मालकाच्या नात्याने आहे. वार्षिक अहवालात 'कोर्ट खर्च' अशी एक ओळ पुरी नाही. कोणत्या खात्याची नोटीस, कोणत्या वर्षाची, रक्कम किती, आरोप साध्या मागणीचा की लबाडीचा, आणि प्रकरण कोणत्या पायरीवर आहे, असा अर्ध्या पानाचा तक्ता द्या. मतभेदाचे प्रकरण असेल तर सभासद खुशीने वकिलाचा खर्च मंजूर करतील. पण लबाडीचा आरोप असेल तर आधी आपल्याच घरात चौकशी झाली पाहिजे. कुणाची चूक सभासदांच्या पैशाने झाकायला कोर्ट नाही. वह्या स्वच्छ असतील तरच ती पायरी आपल्या कामाची. काट्याचा दाखला मी दिला तो याचसाठी. आपला स्वतःचा काटा चोख असल्याशिवाय दुसऱ्याच्या काट्याकडे बोट दाखवता येत नाही.

आणि आपण सभासदांनी? ऊसबिले, वजनाच्या पावत्या, सातबारा, खताची आणि ठिबकची पक्की बिले एका पिशवीत जपून ठेवा. पैसे शक्यतो बँकेतून द्या आणि घ्या. ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी टोळीला दिलेल्या उचलीची नोंद ठेवावी. नोटीस आली तर देव्हाऱ्यात ठेवून नमस्कार करू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, आणि कुणाच्या सांगण्यावरून आपल्या नावावर नोंदणी काढू देऊ नका. उद्या कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो, तुम्ही उत्तर दिले होते का? झोपलेल्याला न्यायालय जागे करीत नाही.

आपल्या भागापुरती एक समाधानाची गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ, म्हणजे सर्किट बेंच, सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कित्येक दशकांची ती मागणी होती. आमच्या दुकानदाराला तेव्हा मुंबईला खेपा घालाव्या लागल्या होत्या, दर खेपेला दोन दिवस आणि दुकान बंद. आता निदान सकाळची एसटी धरून संध्याकाळी घरी येता येईल.

त्या दुकानदाराचे काय झाले? उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले नाही. सुनावणी दिली नाही, आदेशात कारण नाही, म्हणून जप्ती उठवली आणि चौकशी नियमाप्रमाणे पुन्हा करा, असे सांगितले. पुन्हा सुनावणी झाली. त्याने पावत्या दाखवल्या. माल खरोखर आला होता हे अधिकाऱ्यांना पटले आणि लबाडीचा आरोप गेला. पण पुरवठादाराने सरकारात कर भरलाच नव्हता, त्यामुळे घेतलेले क्रेडिट व्याजासकट परत करावे लागले. त्याने ते हप्त्याहप्त्याने भरले. मला विचाराल तर तो निकाल कडक होता, पण वजन नीट झाले होते. त्याच्या चेहऱ्यावर मला पैशाच्या नुकसानीपेक्षा चोर हा शब्द गेल्याचे समाधान जास्त दिसले. माझे चाळीस हजार त्याने दुसऱ्या हंगामात नळ्यांच्या रूपाने फेडले, वर चार वेढे जास्त दिले. मी ते मोजून परत केले.

पुढच्या सभेत ते ज्येष्ठ सभासद पुन्हा उठतील. त्यांनी जरूर उठावे. फक्त सवाल थोडा बदलून विचारावा. कोर्टात का गेलात, असे नको. कशासाठी गेलात, आणि जाताना आपल्या वह्या स्वच्छ होत्या का, असे विचारा. त्याचे उत्तर ऐकायला मी या खेपेला पुढच्या रांगेत बसणार आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद